कचरा वेगळा करण्याची नोटीस लोकांना पटेल अशी कशी लिहावी

‘सर्व सभासदांनी ओला व सुका कचरा वेगळा करावा. आदेशावरून.’ ही नोटीस बहुतेक सोसायट्यांत लागलेली असते आणि खाली डबे मात्र मिसळलेलेच येतात. ती नव्याने लिहायची असेल, तर पुढच्या क्रमाने जा.

आधी वाचणारा कोण, ते ठरवा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड पेटी आणि जॉन कॅसिओपो यांनी १९८१ साली विद्यार्थ्यांना एक प्रस्ताव ऐकवला: पदवीआधी सगळ्या अभ्यासक्रमावर एक मोठी परीक्षा घ्यावी. काहींना ती पुढच्याच वर्षी लागू होणार असं सांगितलं, काहींना दहा वर्षांनी. ज्यांच्या मानगुटीवर परीक्षा बसणार होती, त्यांनी मुद्दे तपासले. मुद्दे भक्कम असले तर त्यांचं मत झुकलं, पोकळ असले तर झुकलं नाही. उरलेल्यांनी मुख्यतः सांगणारा किती जाणकार, एवढंच पाहिलं. म्हणून ‘पर्यावरण वाचवा’ असं दूरचं काही लिहू नका, वाचणाऱ्याच्या जवळचं लिहा. ओला कचरा मिसळला की कागद-पुठ्ठा भिजून रद्दीच्या लायकीचा राहत नाही आणि कचरा घेणाऱ्या ताईंना तो हातांनी निवडावा लागतो, हे लिहा. डबा बरेचदा घरकामाच्या मावशी भरतात, तेव्हा इंग्रजी नोटीस लावणं म्हणजे शुद्ध वेळ वाया घालवणं.

मग तक्रारीचा सूर काढून टाका. ‘अनेक सभासद नियम पाळत नाहीत’ हे वाक्य सेक्रेटरींना फार आवडतं, पण त्यातून ‘सगळेच तसं करतात’ एवढंच पोचतं. अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात, पूर्वी अनेकांनी अश्मीभूत लाकूड उचलून नेलं अशी पाटी लावल्यावर चोरी वाढली होती. निम्म्याहून जास्त घरं खरोखर कचरा वेगळा करत असतील, तर तेच लिहा. नसतील तर आकड्याबद्दल गप्प बसा. खोटा आकडा पार्किंगमधल्या गप्पांत लगेच उघडा पडतो.

सगळ्यात जास्त जागा ‘कधी, कुठे, कसं’ याला द्या. १९६५ साली येल विद्यापीठात धनुर्वाताच्या लशीची पत्रकं वाटली गेली. भीतिदायक पत्रकाने लोकांची मतं जास्त बदलली, पण नुसती पत्रकं वाचलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी लस घेतली. ज्यांना दवाखान्याचा नकाशा दिला आणि कधी जाणार ते ठरवायला सांगितलं, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २८ टक्के होतं. मत बदलणं आणि हात हलणं यांत इतकं अंतर असतं!

तेव्हा नोटीस अशी होईल: ‘भाजीची देठं, उष्टं, चहाचा चोथा हिरव्या डब्यात. कागद, प्लॅस्टिक, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या निळ्या डब्यात. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून, वेगळे. सकाळी आठच्या आत दाराबाहेर.’ ही लिफ्टशेजारी लावा.

आठवड्याने कचरा घेणाऱ्या ताईंनाच विचारा, अजून कोणत्या मजल्यावरचे डबे मिसळलेले येतात. तिथे दुसरी नोटीस नको. संध्याकाळी जाऊन बेल वाजवा आणि बोला.