‘सर्च चालत नाही’ एवढंच लिहू नका

मालवणात दांडीला बसून मी मच्छीमारांसाठी वाऱ्याचं ॲप लिहितो. कोड लिहायच्या एडिटरच्या सर्चमध्ये ‘वाऱ्याचा’ हा शब्द सापडेना. एडिटर बनवणाऱ्यांना ‘सर्च बिघडलाय’ एवढंच कळवलं. त्यावरून कोणाला काय कळणार? मग दोन ओळींची फाइल केली. एकीत ‘ऱ’ हे सबंध अक्षर, युनिकोड (संगणकातला अक्षराचा क्रमांक) ०९३१. दुसरीत ०९३० म्हणजे ‘र’, त्याला ०९३सी हा नुक्ता, म्हणजे खालचं टिंब. दिसायला अगदी सारखे, पण सर्चला वेगळे! ती फाइल, एडिटरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे सगळं द्या. एररचा फोटो नको, मजकूर कॉपी करा. आधी कोणी कळवलंय का, तेही बघा.

नवी सोय मागताना ‘अमुक बटण द्या’ हे नंतर बोला. काम कुठे अडतंय ते आधी सांगा: मला दोन्ही ‘ऱ’ एकाच शोधात हवेत.