सीझनच्या शेवटी फ्री एजंट उचलताना नाव नको, मिनिटं बघा

एनबीएच्या फँटसी बास्केटबॉलमधे (खऱ्या प्लेयरची आपली टीम बनवायची, त्यांच्या गेममधल्या आकड्यांवर आपण जिंकतो-हरतो) मार्च उजाडला की निम्म्या लीगचा इंटरेस्ट संपलेला असतो, आणि ज्यांची टीम फँटसी प्लेऑफमधे गेलीय त्यांचा खरा खेळ तेव्हाच सुरू होतो. ड्राफ्टला (सीझनआधी प्लेयर वाटून घेताना) पहिल्या राउंडमधे घेतलेला स्टार गुडघा धरून बसलाय, दुसऱ्याला त्याची टीम रेस्ट देतेय, आणि फ्री एजंटच्या (लीगमधे कुणाच्याच टीममधे नसलेल्या प्लेयरच्या) लिस्टमधे अशी नावं दिसायला लागतात जी ऑक्टोबरमधे कुणी ऐकली पण नव्हती. मॅचअप (आठवड्याची लढत) जिंकून देणारे प्लेयर याच नावांत असतात, फक्त एक सवय मोडावी लागते, ती म्हणजे ओळखीचं नाव दिसलं की उचलायचं. या दिवसांत टॅलेंटपेक्षा मिनिटं मोठी. रोज तीस-पस्तीस मिनिटं खेळणारा साधा प्लेयर अठरा मिनिटं खेळणाऱ्या चांगल्या प्लेयरला आठवड्याच्या हिशोबात आरामात मागे टाकतो. (मी नऊ कॅटेगरीच्या हेड-टू-हेड लीगबद्दल लिहितोय, म्हणजे दर आठवड्याला एका टीमशी सामना आणि पॉइंट, रिबाउंड, स्टील अशा नऊ आकड्यांपैकी जास्त जिंकेल तो जिंकला, पॉइंट्स लीग असेल तर कॅटेगरीचा भाग सोडून द्या, बाकी सगळं तेच.)

मिनिटं मोकळी कुठे होतात? आधी हरणाऱ्या टीम बघा. 2019 पासून एनबीएच्या ड्राफ्ट लॉटरीत (नवीन प्लेयर आधी कोण निवडणार याची सोडत, निवडीचा नंबर म्हणजे पिक) तळाच्या तीन टीमना पहिल्या पिकचा सारखाच, 14 टक्के चान्स मिळायला लागला, आणि तळाला राहण्यात फायदा असला की फेब्रुवारीनंतर सीनियर लोकांचे घोटे आणि पाठी एकदम दुखायला लागतात. मार्च 2021 मधे ओक्लाहोमा सिटीने आपल्या सीनियर अल हॉरफर्डला सांगितलं की आता उरलेला सीझन खेळू नकोस, आणि त्याच महिन्यात त्यांच्याच मोझेस ब्राउनने बॉस्टनविरुद्ध 21 पॉइंट आणि 23 रिबाउंड काढले. 2023 मधे पोर्टलंडने आपला स्टार लिलार्डला शेवटी बसवलं तेव्हा स्कायलर मेझला उशिरा साइन करून थेट बॉल हातात दिला, त्याने सहा गेममधे सरासरी आठच्या वर असिस्ट दिले. पुढच्या वर्षी परत पोर्टलंडच, डलानो बँटन. बॉस्टनमधे बेंचवर बसणारा माणूस ट्रेड होऊन आला आणि तिथल्या 30 गेममधे त्याची सरासरी 16.7 पॉइंट. हे लोक एका रात्रीत ग्रेट झाले नव्हते, त्यांच्या पुढची माणसं हलली होती. म्हणून ट्रेड डेडलाइन (टीमना प्लेयरची अदलाबदल करायची शेवटची तारीख) झाली की कोण कुठे गेलं यापेक्षा कुणाच्या मागे जागा रिकामी झाली ते बघा, आणि नंतर एखाद्या मोठ्या प्लेयरचा सीझन संपल्याची बातमी आली की त्याच टीमचा डेप्थ चार्ट (कुठल्या जागेवर कुणानंतर कोण खेळतो ती यादी) लगेच उघडा.

यात एक बारीक गोष्ट आहे जी लोक विसरतात. टीम हरतेय म्हणजे तिला हरायचंच आहे असं नाही, तिचा पिक कुणाकडे आहे ते बघायला लागतं, कारण तो ट्रेडमधे आधीच दुसऱ्या टीमला दिलेला असू शकतो. 2025 मधे फिलाडेल्फियाचा पिक पहिल्या सहात आला तरच त्यांच्याकडे राहणार होता, नाहीतर ओक्लाहोमा सिटीकडे जाणार होता. फेब्रुवारीअखेर त्यांचा स्टार एम्बीडचा सीझन संपल्याचं जाहीर झालं तेव्हाच कळायला पाहिजे होतं की आता इथे जिंकायची घाई कुणालाच नाही. डॅलसमधे दहाच्या आसपास पॉइंट करणारा क्वेंटिन ग्राइम्स तिथे येऊन 28 गेममधे जवळपास 22 च्या सरासरीने खेळला, ह्यूस्टनविरुद्ध तर 46 पॉइंट. उलट फिनिक्सचा त्या वर्षीचा पिक ह्यूस्टनकडे होता, त्यामुळे हरून त्यांना काहीच मिळणार नव्हतं. मार्चमधे बसून तळाच्या सात-आठ टीमचे पिक कुणाकडे आहेत ते एकदा बघून ठेवा, एवढ्याशा कामाने पुढचा महिना सोपा जातो.

टँक करणाऱ्या (मुद्दाम हरणाऱ्या) टीममधे पण सगळं गोड नसतं हां. 2025 मधे टोरांटो मेन प्लेयरना खेळवायची आणि चौथ्या क्वार्टरला बसवायची. अशा टीमचा नावाजलेला प्लेयर तुमच्याकडे असेल तर तो सव्वीस मिनिटांत आटोपतो, आणि गेम संपवणारे रूकी (पहिल्या वर्षाचे प्लेयर) मात्र फुकटात पडलेले असतात.

वरच्या टीमचं गणित वेगळं. सीड (प्लेऑफसाठीचा नंबर) पक्कं झालं की शेवटच्या आठवड्यात स्टार लोक बसतात आणि बेंचवाले उगवतात, पण ते इतकं उशिरा होतं की तोवर बऱ्याच लीगची फायनल होऊन गेलेली असते, त्यामुळे तुमची फायनल कुठल्या तारखेला संपते ते आधी बघा. सातव्या ते दहाव्या नंबरसाठी मारामारी करणाऱ्या टीम मात्र शेवटपर्यंत मेन प्लेयरना रगडतात, त्यांच्या बेंचकडे बघायचं पण नाही. अजून एक, 2023-24 पासून बहुतेक मोठ्या अवॉर्डसाठी 65 गेम खेळायला लागतात. ज्याला तो आकडा आता गाठताच येत नाही असा जखमी स्टार घाईने परत येईल अशी आशा मी तरी धरत नाही, त्याच्या बदली खेळणाऱ्याला धरून ठेवतो.

आता बॉक्स स्कोअर (गेममधल्या प्रत्येक प्लेयरच्या आकड्यांचा तक्ता) कसा वाचायचा, कारण सगळ्यात जास्त गंडतं ते इथे. समजा सकाळी दोन नावं दिसली. एकाने 24 पॉइंट केलेत, 19 मिनिटं, थ्री पॉइंटर मारले सातपैकी सहा. दुसऱ्याचे 9 पॉइंट, पण 34 मिनिटं, 14 शॉट घेतलेत, 3 स्टील, 6 असिस्ट. लीगमधला प्रत्येकजण पहिल्यावर तुटून पडणार, तुम्ही दुसरा घ्या. सातपैकी सहा थ्री उद्या पडणार नाहीत पण 34 मिनिटं आणि 14 शॉट हे कोचने ठरवलेलं असतं, ते उद्या पण असण्याची शक्यता खूप जास्त. मिनिटं बघताना गेम किती फरकाने संपला तेही बघा. तीस पॉइंटने हरलेल्या गेममधे बेंचवाल्याने 28 मिनिटं खेळणं म्हणजे काहीच नाही, चार पॉइंटच्या गेममधे तोच चौथ्या क्वार्टरला कोर्टवर असेल तर ताबडतोब उचला. सलग दोन गेम अशी मिनिटं दिसली की तिसऱ्याची वाट बघू नका, तोवर दुसऱ्याने नेलेला असतो. जीजी जॅक्सनने 2023-24 च्या अगदी शेवटच्या गेमला डेन्व्हरविरुद्ध 44 केले ते सगळ्यांना आठवतं, पण तेव्हा बहुतेक लीग संपल्या होत्या. फायदा झाला तो मेम्फिसचं निम्मं रोस्टर जखमी असताना त्याला रोटेशनमधे येताना बघून आधीच घेणाऱ्यांचा.

एक गोष्ट नक्की तपासा, प्लेयर टू-वे काँट्रॅक्टवर (मेन टीम आणि खालच्या लीगची टीम, दोन्हीकडे खेळायचा करार) आहे का. त्यांना सीझनमधे 50 गेमचीच मर्यादा असते. ती भरत आली असेल आणि टीमने त्याला नॉर्मल काँट्रॅक्ट दिलं नसेल, तर नेमका तुमच्या सेमीफायनलला तो सिव्हिल ड्रेसमधे बसलेला दिसेल.

मिनिटं पक्की झाली की कॅलेंडर. नुसतं याचे चार गेम त्याचे तीन एवढंच मोजू नका. बुधवार आणि शुक्रवारी साधारण निम्म्याहून जास्त टीम खेळतात, त्या दिवशी तुमच्या दहा जागा आधीच भरलेल्या असतात आणि उचललेला माणूस बेंचवर वाया जातो. मंगळवार, गुरुवार, रविवार हलके असतात. एका कागदावर आठवड्याचे सात दिवस लिहा, प्रत्येकाखाली तुमचे किती लोक खेळतायत तो आकडा टाका. समजा सोम 7, मंगळ 4, बुध 11, गुरू 3, शुक्र 12, शनि 7, रवि 5. आता बुध-शुक्र-रवि खेळणाऱ्या प्लेयरचे तीन गेम दिसतात पण तुमच्या कामाचा एकच, रविवारचा. मंगळ-गुरू खेळणाऱ्याचे दोनच आहेत पण दोन्ही कामाचे. आठवड्याला चार बदल करायची मुभा असेल (याहूवर बऱ्याच लीगमधे तेवढीच असते) तर मंगळ-गुरूवाला घ्या, गुरुवारचा गेम झाला की त्याला सोडून शनि-रवि सलग खेळणारा आणा. एका बदलात दोन गेम निघाले पाहिजेत, या हिशोबाने चाललात की आठवड्याच्या शेवटी समोरच्यापेक्षा पाच-सहा गेम जास्त होतात. फक्त शनि-रविवाल्याला दुसऱ्या दिवशी रेस्ट देत नाहीत ना ते बघा. वय झालेला किंवा नुकताच दुखण्यातून उठलेला असेल तर नकोच.

भारतात बसून खेळणाऱ्यांना वेळेचा घोळ होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळ पुढे जातं, मग न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा गेम आपल्याकडे पहाटे साडेचारला, त्याआधी तो साडेपाचला असायचा. म्हणजे बुधवारचे गेम आपल्या गुरुवारी पहाटे, आणि फँटसीचा आठवडा आपल्या सोमवारी सकाळी संपतो. टीमनी आदल्या दिवशी तिथल्या वेळेने संध्याकाळी पाचपर्यंत इंजरी रिपोर्ट (कोण जखमी, कोण खेळणार नाही) द्यायचा असतो, सलग दुसऱ्या दिवशी गेम असेल तर त्याच दिवशी दुपारी एकपर्यंत. ईस्टर्न टाइमवाल्या (न्यूयॉर्कच्या वेळेच्या) टीमचं हे एक म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. त्यामुळे जेवण झाल्यावर झोपायच्या आधी एकदा अ‍ॅप उघडणं ही सगळ्यात कामाची वेळ, तिकडे लोक तेव्हा ऑफिसात असतात आणि तुम्हाला निवांत लिस्ट बघायला मिळते. रविवारी मात्र काही गेम दुपारचे असतात, आपल्याकडे रात्री दहाच्या सुमारास सुरू, तेव्हा उशीर करू नका. आणि लीगचं सेटिंग बघून ठेवा, आज उचललेला आजच खेळवता येतो की उद्यापासून.

कॅटेगरीचं म्हणाल तर शेवटच्या आठवड्यांत स्टील आणि ब्लॉक हेच पहिले शोधा, कारण हे आकडे लहान असतात आणि एक-दोनने निकाल फिरतो. पॉइंटमधे साठने मागे असाल तर एका फ्री एजंटने काही होत नाही, स्टीलमधे दोनने मागे असाल तर होतं. परसेंटेज जपून. समजा तुमच्या टीमने फ्री थ्रो 125 पैकी 100 मारलेत, बरोब्बर 80 टक्के. ब्लॉकसाठी एक सेंटर आणला, त्याने आठपैकी दोन मारले, झाले 133 पैकी 102, म्हणजे 76.7. ब्लॉक जिंकलात आणि फ्री थ्रो घालवलेत. फ्री थ्रो आधीच हातचे गेले असतील तर मात्र तोच सेंटर बिनधास्त घ्या, फील्ड गोल आणि रिबाउंड पण वाढतात.

जागा करायला कुणाला सोडायचं? जो पुढच्या आठवड्यात परत येईल अशी फक्त चर्चा आहे त्याला. जागा अडवून बसलेलं मोठं नाव सोडताना जिवावर येतं हे खरंय, पण सीझन संपायला दोन आठवडे उरले असताना त्याची उरलेली किंमत म्हणजे त्याचे उरलेले गेम. फक्त सोडायच्या आधी एवढं बघा की तो समोरच्याच्या हाताला लागून तुमच्याविरुद्ध उभा राहणार नाही ना.

आणि रविवारी रात्री, शेवटचे गेम सुरू व्हायच्या आधी, नऊच्या नऊ कॅटेगरी समोर घेऊन बसा. पाच हातात आहेत, त्यातली एक टर्नओव्हरची (बॉल गमावण्याची, इथे आकडा कमी तो जिंकतो) आणि तीत दोनचीच आघाडी, तर उरलेला बदल वापरायचा नाही, उलट बॉल हातात ठेवणारे गार्ड लाइनअपमधून काढून बेंचवर टाका आणि झोपा.