मंडळी घराघरांत असताना जोडलेली कशी राहील? या चुका टाळा

२२ मार्च २०२० च्या रविवारी जनता कर्फ्यू होता. त्यानंतर झावळ्यांचा रविवार (पाम संडे), उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि १२ एप्रिलचा ईस्टर आपण घरातच पाळला. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबरला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. या काळात मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनी, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांनी, पुष्कळ चांगलं काम केलं, पण काही गोष्टी जागोजागी सारख्याच चुकल्या. पुन्हा एखादी साथ आली तर त्या टाळता येतील. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आजही उपासना फोनवरून दाखवणाऱ्या मंडळ्यांनाही त्या उपयोगी पडतील.

लाइव्ह उपासना दाखवली की झालं, असं समजणं

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. फेसबुकवर व्हिडिओ काही क्षण चालला तरी तो पाहिला असं मोजलं जातं. पाच जणांचं कुटुंब एका मोबाइलसमोर बसलं तरी आकडा एकानेच वाढतो. त्या आकड्यावरून कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, कोण तीन आठवडे कोणाशीच बोललेलं नाही, यातलं काहीही कळत नाही. चर्चमध्ये नेहमीच्या बाकावरची आजी दिसली नाही तर दारातच कोणीतरी विचारतं. ऑनलाइन उपासनेत तिची गैरहजेरी कोणाच्याच लक्षात येत नाही.

यावरचा उपाय जुनाच आहे: मंडळीची नामावली काढा आणि घरं वाटून घ्या. मंडळीच्या एका वडिलांकडे (कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठ सभासदाकडे) किंवा महिला संघातल्या एका भगिनीकडे आठ-दहा घरं, त्याहून जास्त नकोत. आठवड्यातून एकदा प्रत्येक घरी फोन करायचा. ‘कसे आहात?’ या प्रश्नाला सगळे ‘बरे आहोत’ म्हणतात, म्हणून नेमकं विचारा: बीपीच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात? किराणा भरला का? मुलांचा अभ्यास कोणाच्या मोबाइलवर चालतो? उत्तरं वहीत लिहा आणि शनिवारपर्यंत पाळकांना (पास्टरांना) कळवा. दोन वेळा फोन उचलला गेला नाही तर जवळ राहणाऱ्या कोणीतरी दारापर्यंत जाऊन, लांब उभं राहून हाक मारावी.

साधा फोन असलेल्यांना विसरणं

मंडळीतली सर्वांत नेमाने येणारी माणसं बहुधा वयस्कर असतात, आणि लिंक उघडणं त्यांनाच जमत नाही. बटणाच्या फोनवरही चार-पाच जणांचा कॉन्फरन्स कॉल होतो. त्यावर एक स्तोत्र आणि एक प्रार्थना पुरे. शास्त्रपाठ आणि गीतांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत छापून घरी पोचवा. वेळही ठरवून द्या: रविवारी दहा वाजता सगळी घरं तेच स्तोत्र वाचतील. नेटवर्क नसलं तरी आत्ता सगळे हेच वाचत आहेत, हे त्यांना माहीत असतं. आजी-आजोबांना याचा फार आधार वाटतो.

सगळं एकाच व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कोंबणं

फुलांवरची वचनं, काढ्याचे फॉरवर्ड, वाढदिवस आणि मयताची बातमी, सगळं एकाखाली एक. मयताची बातमी तिथे हरवली तर ते घर कायमचं दुखावतं. सूचनांसाठी वेगळा ग्रुप करा आणि त्यात फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल, तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही, हे लक्षात ठेवा. ‘मला कोणी कळवलंच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असतं.

प्रार्थनेसाठी विनंती टाकताना तर फार जपा. ‘अमक्या भावाला कोरोना झाला, प्रार्थना करा’ असं त्यांना न विचारता लिहिल्यामुळे शेजाऱ्यांनी त्या घराशी बोलणं सोडलं, असं घडलेलं आहे. आधी घरच्यांना विचारा. ते नको म्हणाले तर नाव न घेता प्रार्थना करा. दानाचंही तसंच. कोणी किती पाठवलं याची यादी ग्रुपवर कधीही टाकू नका. ज्याचा रोजगार बुडाला आहे तोही ती वाचत असतो.

झूमवर सगळ्यांनी मिळून गाणं

आवाज मागेपुढे पोचतो, त्यामुळे गीत विस्कटतं. एकाच घराने गावं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरी साथ द्यावी. पेटी-तबल्याचा आवाज झूम गोंगाट समजून दाबतं. गाणाऱ्यांनी सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केलं की तो नीट ऐकू येतो. फुकटच्या खात्यावर मीटिंग चाळीस मिनिटांत संपते, म्हणून उपदेश आटोपशीर ठेवा.

प्रभुभोजनाबाबत, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीबाबत, ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवू नये. बिशप किंवा पाळक जे ठरवतील ते, कारणासकट, प्रत्येक घराला सांगा.

मयतानंतर एकदाच फोन करणं

त्या काळात अंत्यविधीला फक्त वीस जणांची परवानगी होती. ज्या घरात एरवी शेकडो माणसं आली असती, तिथे दार बंद करून रडावं लागलं. पहिल्या आठवड्यात फोन खूप येतात, महिन्यानंतर एकही येत नाही. म्हणून त्या घराची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा: चाळिसावा दिवस, पहिला नाताळ, लग्नाचा वाढदिवस. त्या दिवशी कोण फोन करणार तेही ठरवा. चर्च उघडल्यावर राहून गेलेली स्मरण-उपासना नावं घेऊन करा, उशीर झाला तरी करा.

दारं उघडल्यावर फोन थांबवणं

पहिल्या रविवारी बाकं भरलेली दिसली की सगळे परतले असं वाटतं. नामावलीशी ताडून पाहा. काही जण भीतीने आलेले नसतात, काहींची वर्गणी थकल्यामुळे त्यांना संकोच वाटतो, काहींनी त्या काळात कोणी विचारलं नाही हे मनात ठेवलेलं असतं. फोनची पाळी निदान सहा महिने तरी पुढे चालू ठेवा. जे आलेच नाहीत त्यांच्या घरी पाळकांनी स्वतः जावं, आणि पहिल्या भेटीत वर्गणीचा विषय काढू नये.