मागच्या ब्रेकचा पिस्टन दाबू नका, फिरवा

भोसरीत एकतीस वर्षं लेथवर काढली. आटे पाडणं हाच पोटापाण्याचा धंदा. तरीही मागच्या कॅलिपरचा, म्हणजे चाकाच्या डिस्कला पॅडनी चिमटीत धरणाऱ्या भागाचा, पिस्टन पहिल्यांदा आत घालायची वेळ आली तेव्हा मी सरळ सी-क्लॅम्प लावला. पुढचे पॅड आयुष्यात दहा-बारा वेळा बदललेले, तिथे पिस्टन दाबला की गुपचूप आत जातो. मागेही तसंच असणार, असं धरून चाललो. पिस्टन जेमतेम दोन मिलिमीटर हलला आणि अडला. मी क्लॅम्पच्या दांडीत पाइप घातला. आतून 'टक' असा आवाज आला आणि त्या आवाजाबरोबर माझा अख्खा कॅलिपर गेला. पॅडच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजून दुसरा आणला. आमची ही अजून पाहुण्यांना तो किस्सा सांगते.

गाडी २०१० ची स्कोडा लॉरा, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली. थोरला नोकरीसाठी बाहेरगावी गेला आणि गाडी माझ्या गळ्यात बांधून गेला. तिच्या मागच्या डिस्क ब्रेकमध्ये एकाच पिस्टनला दोन कामं आहेत. पायाचा ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने तो पुढे येतो. हँडब्रेक ओढला की केबल कॅलिपरवरचा लिव्हर फिरवते, तो आतल्या दांड्याला रेटतो आणि दांडा पिस्टनला. पॅड झिजत गेला तरी हँडब्रेक ढिला पडू नये म्हणून पिस्टनच्या पोटात आट्यांचा दांडा आणि त्यावर नट असतो. पॅड जसजसा झिजतो, तसतसा नट दांड्यावरून फिरत पुढे सरकतो. पुढे जाणं त्याला सोपं, मागे मात्र तो नुसत्या रेट्याने येत नाही. पिस्टन फिरवला तरच नट आट्यांवरून परत चढतो. सरळ जोर लावला तर तो सगळा जोर त्या आट्यांवर आणि आतल्या नाजूक यंत्रणेवर पडतो. लेथवरच्या माणसाला हे कुणी सांगावं लागू नये, पण लागलं.

तुमच्या गाडीला हे लागू आहे का, ते आधी बघा. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागे ड्रम असतो, त्यांचा इथे संबंध नाही. काही गाड्यांत मागे डिस्क असते, पण हँडब्रेकसाठी डिस्कच्या पोटात वेगळा छोटा ड्रम असतो, तिथे पिस्टन सरळ दाबला तरी चालतो. खूण सोपी आहे. हँडब्रेकची केबल थेट कॅलिपरच्या पाठीवरच्या लिव्हरला येऊन अडकली असेल आणि पिस्टनच्या तोंडावर खाचा असतील, तर पिस्टन फिरवायचाच. आणि हँडब्रेकचा दांडाच नाही, नुसतं बटण आहे, अशा गाडीला घरी हात लावू नका. तिथे कॅलिपरवर मोटर असते आणि स्कॅनर लावून तिला आधी मागे घ्यावं लागतं. तसं न करता पिस्टन मागे रेटलात तर मोटरचं वाटोळं होतं.

आता टूल. बाजारात दोन प्रकार मिळतात. एक लोखंडी ठोकळा, सहा बाजूंना वेगवेगळे उंचवटे, मधे रॅचेट बसायला चौकोनी भोक. स्वस्त असतो, पण तो फक्त फिरवतो. आत रेटायचा जोर आपल्या मनगटाने द्यायचा. घट्ट पिस्टनवर तो सटकतो आणि बोटांची सालटी काढतो. दुसरा प्रकार म्हणजे पेटीतला संच: आट्यांचा लांब दांडा, मागे टेकायला पट्टी, आणि पिस्टनच्या खाचांत बसणाऱ्या दोन खुंट्यांच्या चकत्या, निरनिराळ्या मापांच्या. हा फिरवतोही आणि त्याच वेळी रेटतोही. मी नाना पेठेतून पेटी आणली, सोळाशे पन्नासला. चांगल्या पेटीत दोन दांडे असतात, एक उजव्या आट्यांचा आणि एक डाव्या. लॉराला दोन्ही बाजूंना पिस्टन घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच आत जातो. बऱ्याच गाड्यांचं तसंच आहे, पण काही गाड्यांत एका बाजूचा पिस्टन उलटा फिरतो. दोन-तीन फेऱ्या मारूनही पिस्टन आत जायचं नाव घेत नसेल किंवा उलट बाहेर येत असेल, तर थांबा आणि आपल्या गाडीचं पुस्तक उघडा.

बाकी सामान घरचंच. सतराची गोटी (सॉकेट), तेराचा रिंग पाना, पंधराचा डबल एंड पाना, जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), वायर ब्रश, ब्रेक क्लीनरचा डबा, ब्रेकसाठीचं ग्रीस, एक मोठी सिरिंज, कॉटन वेस्ट. पंधराचा पाना नेहमीच्या जाडीचा असेल तर कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिनेच्या षटकोनावर नीट बसत नाही. मी माझा पाना ग्राइंडरवर घासून पातळ केला. कंपनीत असतो तर सुपरवायझरने फाडून खाल्लं असतं.

काम सकाळी करा, गाडी रात्रभर थंड झाल्यावर. सपाट जागा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, गाडी पहिल्या गिअरमध्ये. लॉरा पुढच्या चाकांवर चालणारी, म्हणून मागचं उचललं तरी गिअर तिला धरून ठेवतो. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक, मग घोडी. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालायचा नाही. चाक काढून गाडीच्या उंबऱ्याखाली आडवं सरकवा. घोडी सटकलीच तर गाडी चाकावर टेकेल.

आणि हँडब्रेक खाली. पूर्ण खाली. गाडी उचलताना माणूस सवयीने तो ओढतो आणि विसरतो. आमच्या सोसायटीतल्या एका तरुणाने माझी पेटी नेली आणि अर्ध्या तासाने घामाघूम होऊन परत आला, "काका, तुमचं टूल खराब आहे." जाऊन बघतो तर हँडब्रेक ओढलेला! आतला दांडा पुढे रेटलेला असताना पिस्टन मागे कसा जाणार? कॅलिपरवरचा लिव्हर आपल्या टेकणीला जाऊन भिडला आहे का, ते डोळ्यांनी बघूनच पुढे सरका. हँडब्रेक सोडूनही लिव्हर मागे येत नसेल तर केबल किंवा लिव्हर गंजून अडकला आहे. कोकणात पावसाळा काढलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं. ते दुरुस्त केल्याशिवाय नवे पॅड घालणं म्हणजे पैसे जाळणं.

बॉनेट उघडून ब्रेक तेलाच्या बाटलीत डोकवा. कुणी मधे तेल वर भरलं असेल तर पिस्टन आत जाताना ते उतू जाईल, आणि हे तेल रंग खातं. सिरिंजने थोडं काढून ठेवा. तेल चहासारखं काळपट दिसत असेल तर ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, याची आठवण ठेवा.

कॅलिपरच्या दोन्ही पिना पंधराच्या पान्याने धरायच्या आणि तेराने बोल्ट सोडवायचे. पिन न धरता बोल्ट फिरवलात तर पिन रबरासकट फिरते आणि रबर पिळवटून फाटतं. कॅलिपर सुटला की ब्रेक तेलाच्या पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही. बाइंडिंग वायरने स्प्रिंगला बांधून टाका. जुने पॅड काढून हातात घ्या आणि नीट बघा, फेकू नका. दोन्ही सारखे झिजलेत? चांगलं. आतला कागदासारखा आणि बाहेरचा जाड, असं असेल तर पिना जाम आहेत, कॅलिपर सरकतच नाहीये. लॉरासाठी घासायचा भाग दोन मिलिमीटर उरला की पॅड बाद. मी तीनलाच बदलतो, कारण माझं गाडी चालवणं घाटातलं आहे. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, गंज घासून वाचा आणि मोजा. धूळ तोंडाने फुंकू नका, हवा मारू नका. क्लीनर मारून ओल्या वेस्टने पुसा.

आता मुख्य काम. पिस्टनभोवतीचं रबराचं बूट आधी स्वच्छ पुसा. फाटलं असेल किंवा आतून तेलाचा ओलावा दिसत असेल तर इथेच थांबून गाडी गॅरेजला न्यायची, फाटक्या बुटावर पिस्टन आत घालायचा नाही. बूट ठीक असेल तर त्याच्या ओठाखाली रबराला चालणारं ब्रेकचं ग्रीस बोटभर फिरवा. साधं पिवळं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. हे ग्रीस नसेल तर पिस्टन फिरताना बूट त्याला चिकटून सोबत फिरतं, पिळा बसतो आणि फाटतं. माझं एक असंच गेलं आहे.

पेटीतल्या चकत्यांमधून अशी निवडा की खुंट्या खाचांत पूर्ण बसतील आणि चकती पिस्टनच्या कडेवर सपाट टेकेल. थोडीही हलत असेल तर दुसरी बघा, नाहीतर जोर आल्यावर खुंट्या उसळतात आणि खाचांची धार मारतात. दांडा कॅलिपरच्या आत, चकती पिस्टनवर, पट्टी कॅलिपरच्या बोटांना, म्हणजे बाहेरच्या पॅडला धरणाऱ्या भागाला, आतून टेकलेली. हाताने दांडा फिरवत पट्टी घट्ट टेकवा. मग दांडी धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सावकाश फिरवायला लागा.

पहिली अर्धी फेरी जड जाते, मग पिस्टन सुटतो. एकदा का तो सुटला की हाताला एकसारखा, लोण्यात चाकू फिरावा तसा प्रतिकार लागतो. तोच बरोबर. प्रत्येक फेरीनंतर थांबून बूट बघा. त्यावर तिरप्या सुरकुत्या पडू लागल्या तर पाव फेरी उलटं घ्या, बोटाने बूट सोडवा, पुन्हा फिरवा. दांडीवरचा जोर एकदम वाढला तर पाइप शोधू नका. टूलचे आटे आणि पिस्टनच्या आतले आटे यांची चाल सारखी नसते. कधी टूल पिस्टनच्या पुढे पळतं, नुसतं रेटत राहतं आणि फिरणं मागे पडतं. अशा वेळी टूल अर्धी फेरी सैल करा, पट्टी पुन्हा हाताने टेकवा आणि चालू करा. माझ्या लॉराला एका बाजूला असं तीन-चार वेळा करावं लागतं. घाई केली तर पंधरा मिनिटं वाचतात आणि कॅलिपर जातो, हा हिशोब मी एकदा करून बसलोय.

पिस्टनची कड बुटाजवळ आली आणि नवे पॅड बसतील एवढी जागा झाली की पुरे. काही गाड्यांत, जुन्या होंडा सिव्हिकसारख्या, आतल्या पॅडच्या पाठीवर एक खुंटी असते आणि ती पिस्टनच्या खाचेत बसावी लागते. तिथे शेवटी पिस्टन मागेपुढे फिरवून खाच खुंटीसमोर आणा. तसं न केल्यास पॅड तिरका बसतो आणि महिनाभरात पाचरीसारखा झिजतो. लॉराला ती भानगड नाही.

पॅड ज्या पट्ट्यांवर सरकतात त्या वायर ब्रशने चकचकीत करा, पॅडच्या कानांना ग्रीसचा नुसता स्पर्श द्या. डिस्कला आणि पॅडच्या तोंडाला ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. पॅडच्या पाठीवर चिकट थर आणि त्यावर कागद असेल तर तो काढून मगच पॅड बसवा. पिना हाताने आतबाहेर सहज सरकतात का ते बघा. पिनांचे बोल्ट नवे घाला, कंपनीच तसं सांगते, कारण त्यांच्या आट्यांवर न सुटण्यासाठी लेप असतो. हे बोल्ट ३५ न्यूटन मीटरला कसायचे, चाकाचे १२०ला. टॉर्क पाना नसेल तर एक दिवसासाठी कुणाकडून आणा. एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरी उघडा, म्हणजे काही विसरलं तर बघायला नमुना असतो.

गाडी जमिनीवर आली की इंजिन चालू करायच्या आधी ब्रेक पेडल दाबा. पहिल्या काही दाबांना पेडल थेट तळाला जाईल, पाय घाबरेल. घाबरू नका, दाबत राहा, दगडासारखं घट्ट होईपर्यंत. हे न करता गाडी पार्किंगमधून काढली तर समोरची भिंत तुमची वाट बघत असते. तेलाची पातळी बघा. मग हँडब्रेक आठ-दहा वेळा ओढा-सोडा आणि उतारावर तपासा. सोडल्यावर दोन्ही लिव्हर टेकणीला परत येतात का, ते खाली वाकून पुन्हा एकदा बघा. येत नसतील तर केबल जास्त ताणलेली आहे.

पहिले दोनशे किलोमीटर कचकन ब्रेक मारू नका, नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ घेतात. पाच-सात किलोमीटरची पहिली चक्कर मारून आलात की दोन्ही मागच्या चाकांजवळ तळहात न्या, टेकवू नका. एका बाजूची धग दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त लागली तर ते चाक पुन्हा उघडायचं, आणि सुरुवात पिनांपासून करायची.