मीटर २५ व्होल्ट दाखवतो, तरी सेट बंद पडतो

कंपनीतर्फे गाड्यांमधल्या रेडिओ सेटच्या फील्ड सपोर्टला पहिल्यांदाच लष्करी वर्कशॉपमध्ये जाताय? खडकी असो की आणखी कुठलं, समोरच्या ईएमईच्या (लष्कराच्या दुरुस्ती करणाऱ्या इंजिनिअरिंग विभागाच्या) हवालदाराने तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त गाड्या खोललेल्या असतात. त्याला ओहमचा नियम शिकवायला जाऊ नका. मोबाइल गेटवरच जमा होईल, म्हणून वायरिंगचा नकाशा कागदावर न्या, अर्थात परवानगी घेऊन. आधी ऑपरेटरला विचारा: सेट नेमकं काय करताना बंद पडतो?

हमखास फसवणारी तक्रार एकच. गाडीतला रेडिओ सेट ऐकायला ठणठणीत, पण बोलायला बटण दाबलं की बंद. सप्लायचा प्लग काढून मीटर लावला तर २५ व्होल्ट. म्हणजे सप्लाय चांगला, सेट खराब? इथेच माणूस गंडतो. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. केबलमधल्या बारीक तारांपैकी एकच शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कंटिन्यूइटीचा (वायर अखंड आहे हे सांगणारा) बझरही खुशाल वाजतो.

हिशोब करा. समजा अर्थिंगच्या सांध्यात, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या धातूला जोडतात तिथे, ०.४ ओहम रोध आहे. ऐकताना सेट १ अँपिअर घेतो, म्हणजे ०.४ व्होल्टची घट, कळणारही नाही. बोलताना १२ अँपिअर घेतले की घट ४.८ व्होल्ट. सेटला उरले जेमतेम २०. तो बंद पडणारच.

म्हणून मोजायचं ते लोडवर, म्हणजे सेट पूर्ण करंट ओढत असताना. अँटेना काढून ५० ओहमचा, सेटची पूर्ण पॉवर झेपेल असा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रोध) लावा; लोडशिवाय बटण दाबाल तर ट्रान्समीटर जाईल. मीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, खुंटीवरच), दुसरा सेटच्या बॉडीवर. आता जोडीदाराला बटण दाबायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ती बाजू सोडा. जास्त असेल तर दुसरा प्रोब एकेक सांधा बॅटरीकडे सरकवत या. ज्या सांध्यापाशी आकडा एकदम कोसळतो, तो चोर. मग पॉझिटिव्ह बाजूही तशीच तपासा. ओहमवर मोजत बसू नका. मीटरच्या वायरींचाच ०.२-०.३ ओहम रोध त्यात मिसळतो.

बऱ्याचदा चोर असतो रंग. ओव्हरहॉलनंतर गाडी रंगवताना अर्थिंगची जागा झाकलेली नसते आणि लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) त्या रंगावरच आवळला जातो.

"दुसरा सेट लावून बघू" म्हणणारे सीनियर भेटतील. माझ्या मते हा आळस आहे. कनेक्टर हलला की संपर्क तात्पुरता सुधारतो, नवा सेट दोन दिवस चालतो, आणि काढलेला चांगला सेट कारखान्यातून "दोष आढळला नाही" शेरा घेऊन परत येतो. त्यापेक्षा वर्कशॉपमधल्या जुन्या उस्तादाशेजारी अर्धा तास गप्प बसा.

पहिल्या दिवशी काहीच सुचलं नाही तरी घाबरू नका, प्रोब सरकवत राहा. चोर सापडला की रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा, पुन्हा लोडवर मोजा आणि तो आकडा जॉब कार्डावर लिहा. रंग द्यायचा तो त्यानंतर, वरून.