समांतर तारांचा प्रयोग: या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनाचा हंगाम आला की समांतर तारांचा प्रयोग (शेजारच्या दोन तारांतून करंट सोडून त्या एकमेकींना ओढतात की ढकलतात ते बघायचं) टेबलावर येतोच, आणि ठरावीक कारणांनीच फसतो.

पहिली चूक पाठांतराची. सजातीय प्रभार एकमेकांना ढकलतात, म्हणून सारख्या दिशेचे करंटही ढकलतील असं मुलं धरून चालतात. होतं उलटंच. करंट एकाच दिशेने असेल तर तारा जवळ ओढल्या जातात, विरुद्ध असेल तर लांब जातात. फ्रेंच शास्त्रज्ञ अँपिअरने हे १८२० सालीच दाखवलं. उजव्या हाताचा नियम (अंगठा करंटच्या दिशेने धरला की वळलेली बोटं चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवतात) लावून स्वतः काढून बघा. हातातलं पेन आधी खाली ठेवा, नाहीतर नियम डाव्या हाताने लावला जातो.

देवगडच्या एका प्रदर्शनात तारांऐवजी फॉइलच्या पट्ट्या खिडकीलगत टांगल्या होत्या. परीक्षक आले, पट्ट्या जवळ आल्या, मुलं खूश. मी वायर काढायला सांगितली, तरी पट्ट्या हलतच होत्या. समुद्रावरचा वारा! खिडकी लावली तेव्हा सगळं ठप्प. पट्ट्यांत चांगलं चार बोटं अंतर आणि जोडलेले पेन्सिल सेल, हलणार काय? १ मीटर अंतरावरच्या तारांत १-१ अँपिअर असेल, तर मीटरभर लांबीवर बल न्यूटनचा ५० लाखावा भाग. म्हणून अंतर ५ मिलिमीटरच ठेवा, पट्ट्या सैल सोडा. मी १२ व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीला ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब एकसरीत, म्हणजे पट्ट्यांच्या वाटेतच, जोडतो. साधारण साडेचार अँपिअर मिळतात आणि शॉर्टही होत नाही. बटण क्षणभरच दाबायचं. बल्ब वगळून थेट बॅटरी लावणाऱ्या उतावळ्यांना मी टेबलाजवळ उभं करत नाही. करंट सोडण्याआधी पट्ट्या स्थिर आहेत ना, हे बघायचंच.

दुसरी चूक हुशार मुलंही करतात. प्रतिकर्षण दाखवताना पट्ट्या एकसरीत असतात, दोघींतून पूर्ण करंट जातो; आकर्षण दाखवायला त्या समांतर जोडणीत, म्हणजे दोघींची टोकं एकत्र बांधून, जोडल्या की करंट दोघींत वाटला जातो. प्रत्येकीत निम्मा, म्हणजे बल चौथाई. मग वहीत लिहितात, 'आकर्षण प्रतिकर्षणापेक्षा दुबळं.' तसं नाही. अशा वेळी आणखी एक तसाच बल्ब पहिल्याला समांतर लावा, म्हणजे एकूण करंट दुप्पट होऊन प्रत्येक पट्टीत पूर्वीइतका येतो.

एका तारेत करंट जास्त असला तरी दोन्हींवरचं बल सारखंच.

खाऱ्या हवेने क्लिपा हिरव्या पडतात. आदल्या दिवशी पॉलिश पेपरने घासा.

घरच्या प्लगला हा प्रयोग कधीही जोडू नका.