पेडल खाली गेलं की हवाच असते असं नाही

आयटीआयला मोटर मेकॅनिकची दोन वर्षं काढून मी बीडमधल्या एका गॅरेजात लागलो, तेव्हा ब्रेकवर मला एकच औषध ठाऊक होतं: हवा काढणे, म्हणजे ब्रेकच्या ऑईलात शिरलेले बुडबुडे बाहेर काढणे. पहिल्याच आठवड्यात महिंद्राची जुनी जीप आली, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पेडल पार खाली जायचं, दुसऱ्या पंपाला वर यायचं. मी चारही चाकांची हवा काढली, अर्ध्या लिटरचा ऑईलचा डबा संपवला, पेडल जिथल्या तिथं.

उस्ताद चहा पिऊन आले. "कामून ओतायलास ऑईल पाण्यासारखं? लायनर कुठं अन् ड्रम कुठं, बघितलंस का?"

लायनर म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी पट्टी, ती ड्रमपासून लांब राहिली होती. बॅकप्लेटवरचा, म्हणजे ड्रममागच्या पत्र्यावरचा, लायनर पुढं-मागं करणारा ॲडजस्टर त्यांनी चाक अडेपर्यंत आवळला, मग चाक जेमतेम मोकळं फिरेल इतका मागं घेतला. चारही चाकं झाली अन् पेडल वर आलं.

तेव्हापासून पाना हातात घेण्याआधी मी पेडलवर पाय ठेवतो. स्पंजासारखं दबतंय, पंप करत गेलं की कडक होतंय, तर हवा. दाबून धरल्यावर हळूहळू बुडतंय अन् बाहेर गळती नाही, तर पेडलनं ऑईल ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरची वायसरं, म्हणजे आतली रबरी सीलं, गेली. टायरची आतली बाजू ओली दिसली तर ड्रम उघडा, चाकातला लायनर ढकलणारा व्हील सिलेंडर गळत असणार. ऑईलात भिजलेले लायनर पुसून परत बसवू नका, बदला. एकच चाक धरून बसलं असेल तर त्याची निप्पल, म्हणजे हवा काढायचा पोकळ स्क्रू, सैल करा. पिचकारी उडून चाक सुटलं, तर दाब आत अडकला होता. जुन्या गाडीत तेव्हा चाकाकडं ऑईल नेणाऱ्या रबरी होजवर संशय घ्यायचा, तो बाहेरून धड दिसतो अन् आतून फुगलेला असतो.

उन्हाळ्यात कपिलधारहून माणसं भरून येणाऱ्या गाड्यांची तक्रार वेगळीच: घाटात पेडल गेलं, गाडी गार झाल्यावर परत आलं. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑईल हवेतली ओल पितं. कोरं ऑईल २०५ अंशांच्या आत उकळत नाही, ओल धरलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली. इथं सगळं ऑईलच बदलायचं.

हवा काढताना मास्टरपासून लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडं मागचं डावं. निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं टोक ऑईलच्या बाटलीत बुडवलेलं. पेडलवरच्या पोराला "मार, मार, धर!" म्हणायचं, निप्पल उघडायची, बुडबुडे जाऊ द्यायचे, बंद करायची, मगच "सोड". आधी सोडलं तर हवा परत आत. मास्टरची टाकी मधेमधे भरा, ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. निप्पलला रिंग पानाच लावा. गंजलेली असेल तर तिच्यावर रात्रभर गंज सोडवणारं ऑईल सोडून ठेवा, मोडली तर दिवस गेला.

माझी खरी चूक वेगळी. हवा काढताना मी पेडल तळापर्यंत मारायला लावलं. जुन्या मास्टरमध्ये पिस्टन एरवी जिथं जात नाही तिथं गंज असतो, वायसरं त्यावर फाटली. नव्या वायसरांच्या किटचे पैसे माझ्या पगारातून गेले. आता पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो. नवी वायसरं डिझेलनं धुवायची आपल्याकडं जुनी सवय आहे, रबर फुगतं. ब्रेक ऑईलनंच पुसा.

ट्रायल आधी आवारातच, पहिल्या गिअरमध्ये, हात हँडब्रेकवर ठेवून.